वास्तुशांतीनंतरचे घर

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आणि ज्याने घर बांधले आहे त्याला त्यातील ‘पाहावे’ ह्या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. परंतु घर बांधून झाल्यावर काय पाहावे, ह्याविषयी ही म्हण काहीच बोलत नाही. वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात, दारावरचे तोरण वाळते, आणि चार दिवसांनी घरधनी सकाळी बाहेर येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की आपण बांधले ते भिंतींच्या आतले घर. भिंतींच्या बाहेर जे आहे त्याला अजून काही रूपच नाही. एका बाजूस उरलेल्या वाळूचा ढीग, आणि त्यावर गल्लीतल्या मांजरांनी सांगितलेला हक्क. दुसऱ्या बाजूस विटांचे रोडे. मधोमध सिमेंट कालवल्याचा कडक झालेला करडा डाग. कुंपणाशी रंगाचे रिकामे डबे आणि फळ्यांचे तुकडे. गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो. सुतार ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला असतो. आणि गाठीचे पैसे तर सर्वांच्या आधीच गेलेले असतात.

अशा अवस्थेत सापडलेल्या कुटुंबासाठी मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. पैसे संपले, ही तशी वाईटच गोष्ट. पण ह्या एका बाबतीत ती उपकारक ठरू शकते, असे माझे मत आहे. कारण पैसे असते तर उरलेले काम एका आठवड्यात उरकले असते. आणि घराभोवतीच्या जागेचे जेवढे नुकसान ह्या उरकण्याने होते, तेवढे ती तशीच पडून राहिल्याने होत नाही.

पुण्या-नाशकापासून इंदूर-बडोद्यापर्यंत कोणत्याही नव्या वसाहतीतून फेरफटका मारला तर हे उरकणे कसे असते ते दिसेल. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सारी जमीन सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद केलेली; दाराशी दोन कुंड्या, त्यांत दोन शोभेची झाडे; आणि कुंपणाच्या भिंतीवर घराच्या रंगाला शोभेल असा रंग. सर्व स्वच्छ, सर्व नीटनेटके. चिखल नाही, पाचोळा नाही, आणि सावलीही नाही. पावसाळ्यात त्या अंगणातले सगळे पाणी रस्त्यावर जाते, रस्त्यावरचे खालच्या आळीत जाते, आणि वैशाखात त्याच घरची मंडळी विंधनविहिरीला पाणी नाही म्हणून टँकरची वाट पाहत बसतात. उन्हाळ्यात त्या ठोकळ्यांवर दुपारी अनवाणी पाऊल टेकवत नाही; आणि रात्री गच्चीवर वारा सुटला तरी तापलेल्या फरसबंदीची धग खिडकीतून आत येत राहते.

ह्या कामाला एक क्रम आहे. पाणी, माती, झाड, वाट आणि रंग, असा तो क्रम. कंत्राटदार तो नेमका उलटा धरतो. रंगाने सुरुवात करतो, मग फरसबंदी, मग उरल्या कोपऱ्यात झाड. माती त्याच्या हिशेबात नसते आणि पाण्याचा विचार तो करीतच नाही. ज्याला त्या घरात राहावयाचे आहे त्याने पाण्यापासून आरंभ करावा. हा क्रम पाळला तर काम साधारण दीड-दोन वर्षे चालते, आणि त्यातले बहुतेक घरच्या माणसांना घरच्या कुदळ-फावड्याने करता येते.

प्रथम पाणी. नव्या घरातला पहिला पावसाळा हा बाग करण्याचा नव्हे, बघण्याचा. पहिला मोठा पाऊस लागला की घरातल्या कर्त्या माणसाने छत्री घेऊन बाहेर पडावे आणि घराला एक प्रदक्षिणा घालावी. पन्हळीचे पाणी कोठे पडते, कोठे साचते, जोत्याकडे वळते की जोत्यापासून दूर जाते, शेजाऱ्याच्या आवारातून आपल्याकडे काय येते आणि आपल्याकडून त्याच्याकडे काय जाते, हे सर्व त्या अर्ध्या तासात जमीन आपण होऊन सांगते. पाणी साचते तेथे एक खुंटी ठोकावी. दुसऱ्या दिवशी उघाड पडल्यावर त्या खुंट्या पाहिल्या की आवाराचा नकाशाच हाती आल्यासारखे होते.

जोत्यालगतची जमीन घरापासून उतरती पाहिजे. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असला म्हणजे पुरे. तो मोजण्यास यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या एवढ्यावर हे काम होते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभे राहते, ह्या साध्या नियमावर मोठमोठी जोती घातली गेली आहेत. नळीत हवेचा बुडबुडा राहू नये, एवढी मात्र दक्षता घ्यावी. बाहेरून मुरूम आणून तो धुमसाने बसवून हा उतार करता येतो. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीचा फरसबंद पट्टा असावा, आणि फुलझाडांचा वाफा भिंतीला चिकटून कधीही करू नये. देशावर, विदर्भात, माळव्यात, जेथे खाली काळी माती आहे, तेथे तर ह्या नियमाला अपवाद नाही. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीच्या एका बाजूस रोज झारीने पाणी आणि दुसऱ्या बाजूस कोरडी जमीन, असे झाले म्हणजे पाया एकीकडून उचलला जातो, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. पुष्कळ वेळा गवंड्याला लागलेला बोल खरे म्हणजे गुलाबाच्या वाफ्याकडे जावयास पाहिजे.

आता छपरावरचे पाणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी पडते. त्यातले काही उडून जाते, काही वाहून जाते. तरी ५०,००० लिटर हाती लागावयास हरकत नाही. तामिळनाडूत २००३ साली घरोघरी पावसाचे पाणी जिरविण्याची सक्ती झाली, आणि आता आपल्याकडील अनेक शहरांतही नव्या बांधकामास तशी अट असते. परंतु अट म्हणून केलेला खड्डा आणि गरज म्हणून केलेला खड्डा ह्यांत फरक असतो. जोत्यापासून १० फूट तरी दूर खड्डा खणावा, त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू असे थर भरावेत, आणि पन्हळीचे पाणी त्यात सोडावे. ह्यासाठी आणावयाचे काय? दगड, खडी, वाळू हे सर्व तर आवारात पडलेलेच असते! पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र गच्चीवरची धूळ घेऊन येते. ते बाहेर सोडावे. आणि गाळल्यावाचून पाणी थेट विंधनविहिरीत कधीही घालू नये. कोकणातल्या श्रोत्यांना ह्या हिशेबाचे हसू येईल. रत्नागिरीस ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे पहिला प्रश्न पाणी धरण्याचा नसतो, ते जांभ्याची धूप न होऊ देता बाहेर काढण्याचा असतो. पण त्याच कोकणात चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, हेही तेथल्या मंडळींना सांगावयास नको.

मोरीचे पाणी ही तिसरी गोष्ट. आपल्या आज्यांनी ह्या बाबतीत काही ग्रंथ लिहिला नाही, पण परसात मोरीच्या तोंडाशी अळू आणि त्यापुढे केळ लावून ठेवली. त्या दोघांनाही ओल हवी असते, आणि सांडपाण्याचा निचरा आपोआप होतो. आज भांडी घासण्याची पूड अधिक कडक असते, म्हणून आधी वाळू-खडीचा एक लहान खड्डा करून त्यातून पाणी पुढे सोडावे. एवढा बदल केला तर ती जुनी व्यवस्था आजही चालते.

पाण्यानंतर माती. नव्या घराभोवती जी माती दिसते ती बहुधा माती नसतेच. पाया खणताना सुपीक थर खाली जातो आणि खालचा मुरूम वर येतो. त्यावर सिमेंट, चुना, विटांचा चुरा ह्यांचा थर बसतो. अशा जागेत आणलेली रोपे लावली की महिन्याभरात पाने पिवळी पडतात, आणि मग रोपवाटिकेच्या माळ्याला दोष दिला जातो. सिमेंटच्या चुऱ्याने जमीन अल्कधर्मी होते आणि झाडाला जमिनीतले लोह घेता येत नाही, हे त्या पिवळेपणाचे एक मुख्य कारण आहे. खत कितीही घातले तरी ते राडारोडा उचलल्यावाचून दूर होत नाही.

म्हणून पहिल्या उन्हाळ्यातले काम म्हणजे निवडणे. घरातल्या सर्वांनी सकाळी तासभर घमेले घेऊन बसावे. अखंड विटा एकीकडे, अर्धुकी दुसरीकडे, फरशीचे आणि टाइलचे तुकडे तिसरीकडे, खिळे आणि तारा डब्यात. सिमेंटची ढेपे मात्र आवाराबाहेर. मुलांना हे काम फार आवडते; खिळ्यांसाठी पायांत बूट असले म्हणजे झाले. ह्या निवडीतून पुढच्या दोन वर्षांचे सामान निघते.

अखंड विटांचा पहिला उपयोग खताचे टाके. ह्या बाबतीत मराठी माणसांनी साऱ्या देशाला दिलेले दाखले आहेत. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसविली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिची माहिती देणारा ग्रंथ १९३१ साली निघाला, आणि त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी विटांच्या टाक्याची पद्धत काढली. तिला त्यांच्याच आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे टाके. विटांच्या थरांत मधूनमधून भोके ठेवायची, म्हणजे हवा खेळते. आत पालापाचोळा, शेणकाला आणि माती ह्यांचे थर. वरून शेणामातीचा लेप. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. एका कुटुंबाला एवढे मोठे टाके लागत नाही. निम्म्याहून लहान केले तरी चालते. विटा चिखलात बसवाव्या, म्हणजे पुढे जागा बदलावीशी वाटली तर मोडता येते. आणि एकदा हे टाके झाले की पाचोळा हा केर राहत नाही. ज्या घरात पाचोळा जाळतात त्या घरात खत विकत आणावे लागते, एवढा सरळ हिशेब आहे.

टाक्यातले खत तयार होईपर्यंत जमीन कामाला लावावी. मृगाचा पाऊस पडला की साऱ्या मोकळ्या जागेत ताग पेरावा. सुमारे दीड महिन्यात तो कमरेच्या वर जातो. पिवळी फुले धरू लागली की तो कापून तेथेच मातीत गाडावा. ही शेतकऱ्याची हिरवळीच्या खताची रीत. ती बंगल्याच्या आवारात केली तर शेजारी थोडे हसतात, पण जमीन सुधारते. मेलेल्या मुरमात जीव आणण्याचा ह्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. काळ्या आईचा महिमा आपण भाषणांतून पुष्कळ गातो. तिला दीड महिना ताग देणे त्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

तिसरे, झाड. झाड लावण्यात घाई करू नये असे मी म्हणतो, ते झाडाविषयी आस्था नाही म्हणून नव्हे. रोप लावताना ते हातभर असते, पण जागा द्यावी लागते ती त्याच्या तिसाव्या वर्षाला. कलमी आंब्याला बागाईतदार चहूबाजूंनी १० मीटर अंतर ठेवतात. आपण त्याला कुंपण आणि भिंत ह्यांच्या मधल्या आठ फुटांत बसवतो, आणि पंधरा वर्षांनी त्याच्या फांद्या तोडतो. शिवाय शहरात झाड वाढल्यावर ते आपल्या मर्जीने तोडताही येत नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे झाड लावणे हा परत न घेता येणारा शब्द आहे. तो विचार करून द्यावा.

विचार करावयाचा तो उन्हाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचा ताप छपराला. भिंतीला खरा जाच होतो तो पश्चिमेच्या उन्हाचा, दुपारी तीनपासून सहापर्यंत. म्हणून पहिले मोठे झाड पश्चिमेस लावावे, आणि ते भिंतीपासून १५-२० फूट तरी दूर असावे. कडुनिंब, बकुळ, सोनचाफा ही त्या जागेची झाडे. दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना हिवाळ्यातले दक्षिणेचे ऊन हवे असते. त्यांनी त्या बाजूस तुतीसारखे थंडीत पाने गाळणारे झाड लावावे, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन असे दोन्ही साधते. कोकणात माड हवाच; पण त्याची झावळी आणि नारळ कौलांवर पडणार नाहीत इतका तो दूर हवा. ज्यांचे आवार लहान आहे त्यांनी आंबा-फणसाचा मोह सोडावा. लिंबू, डाळिंब, पेरू, सीताफळ, कढीलिंब ही लहान आवाराची झाडे, आणि ती घरच्या स्वयंपाकाशी बोलणारी आहेत.

काही जुन्या समजुतींमागेही कारण असते. शेवगा दारात लावू नये असा समज अनेक घरांत आहे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, वाऱ्याने फांदी मोडते; आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. म्हणजे दारात नको, परसाच्या टोकाला जरूर असावा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की दृष्ट लागावी असा दिसतो, पण वादळात त्याच्या फांद्या सांभाळत नाहीत. तो रस्त्याच्या कडेला शोभतो, छपराजवळ नव्हे. वड-पिंपळ आपण लावत नाही, पक्षी लावतात. गच्चीच्या कठड्याच्या फटीत दोन पाने दिसली की ती तेव्हाच मुळासकट काढावी. पुढे त्या रोपाला देवत्व येते आणि भिंतीला भेग पडते. पारिजातक वाटेच्या बाजूला, पण पायाखाली येणार नाही असा लावावा. पावसाळा सरता सरता पहाटे खाली फुलांचा सडा पडतो, आणि त्या सड्यावरून चालणे कोणालाच बरे वाटत नाही.

पहिल्या वर्षी ह्या जागा नुसत्या खुंट्या मारून ठरवाव्या. दुसऱ्या वर्षी वैशाखात तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असे खड्डे खणून ते ऊन खाऊ द्यावेत. मग चांगली माती, टाक्यातले खत आणि थोडी निंबोळी पेंड घालून ते भरावेत, आणि पाऊस स्थिरावला की रोप लावावे. कलम असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याच्या खालून फुटणारे धुमारे निर्दयपणे काढावेत, कारण ते आपल्या हापूसचे नसून रायवळाचे असतात. आळे बुंध्याला लागून नको, थोडे दूर, आणि त्यात पाचोळ्याचे आच्छादन.

तोपर्यंत दोन उन्हाळे सावलीवाचून काढावयाचे काय? नाही. पश्चिमेच्या भिंतीपुढे चार बांबूंचा मांडव घालावा आणि त्यावर दोडका, घेवडा किंवा कारले चढवावे. दोन महिन्यांत सावलीही मिळते आणि भाजीही. पपई लावली तर वर्षाच्या आत-बाहेर फळ येते. कुंपणाला मेंदी किंवा कोयनेल लावली तर दोन वर्षांत दाट हिरवी भिंत होते, आणि कात्री चालविण्याचा व्यायाम फुकट मिळतो.

हिरवळीविषयी एक शब्द. बंगला म्हटला की हिरवळ, अशी एक कल्पना रूढ आहे. ती हिरवळ म्हणजे बहुधा आपली हरळीच असते. शेतकरी जिला खणून खणून दमतो, आणि आपण जिच्या दूर्वा गणपतीला वाहतो, तीच ही. बसण्यापुरती चटईएवढी हिरवळ जरूर करावी. पण जेथे पिण्याचे पाणी दिवसाआड येते, तेथे सारे आवार हिरवळीने भरणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

आता वाट. फाटकापासून दारापर्यंत, दारापासून नळापर्यंत, नळापासून कपडे वाळत घालण्याच्या दोरीपर्यंत वाटा कोठून काढाव्यात ते कागदावर ठरवू नये. पहिल्या वर्षभरात घरच्या माणसांच्या पायांनी त्या आपोआप पडतात. तिकडेच फरशी घालावी. काटकोनात आखलेली वाट सोडून मुले तिरकी धावतात, हा मुलांचा दोष नाही. तिठ्यावर थोडे रुंद करावे. समोरून बादली घेऊन येणाऱ्याला वाट देता आली पाहिजे. देशावर शहाबादी, राजस्थान-माळव्याकडे कोटा, दक्षिणेकडे कडप्पा, कोकणात जांभ्याचे चिरे; ज्या त्या प्रांती जो दगड स्वस्त, तोच तेथे शोभतो. चार इंच खणून मुरूम चोपावा, वर दोन इंच वाळू पसरावी आणि तीवर फरशी बसवावी. फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरू नये, मातीच भरावी. त्यातून पाणी जिरते, आणि एखादी फरशी खचली तर उचलून पुन्हा बसविता येते. काठाला उरलेली अर्धुकी तिरकी रोवली की झाली किनार. जेथे मोटार उभी राहावयाची तेथेही चाकांखाली दोन पट्टे पुरतात. मधली जमीन श्वास घेऊ शकते.

टाइलच्या तुकड्यांचे काय? चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक असलेल्या नेकचंद ह्यांनी १९५७ च्या सुमारास फुटक्या टाइली, बांगड्या, कपबश्या ह्या टाकाऊ वस्तू जमवून रानातल्या सरकारी जागेत गुपचूप मूर्ती उभ्या करावयास आरंभ केला. १९७५ साली ते उघडकीस आले. पाडून टाकण्याऐवजी सरकारने त्या बागेला मान्यता दिली, आणि १९७६ साली ती लोकांना खुली झाली. तेवढी प्रतिभा आपल्यापाशी नसली तरी तुळशीवृंदावनाचा कठडा, ओट्याचा पाठा, हात धुण्याच्या जागेची चौकट एवढे तर त्या तुकड्यांतून करता येते. पांढरे तुकडे मात्र वेगळे ठेवावेत. गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांची जी फरसबंदी करतात तिने ऊन परतते आणि खालची खोली निवते. पण ते काम पाण्याच्या उताराचे आहे, जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

शेवटी रंग. नवी भिंत पूर्ण वाळावयास वेळ लागतो. ओल्या गिलाव्यावर महागाचा रंग चढविला की आतली ओल बाहेर पडावयास वाट शोधते, लोणा फुलतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून पहिल्या वर्षी चुन्याची सफेदी उत्तम. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आणि खर्चही बेताचा. चुनकळी लोखंडी पिंपात भिजवावी. पाण्यात चुना घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळतो आणि अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवा आणि मुले दूर हवीत. चोवीस तासांनी निवळ कापडातून गाळावी, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी, आणि एक हात वाळल्यावर दुसरा द्यावा. बारीक केसासारख्या भेगा एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर एकदाच भरून घ्याव्यात. तिरकी, रुंदावत जाणारी भेग मात्र भरू नये. ती अभियंत्याला दाखवावी.

दारे-खिडक्यांविषयी एवढेच, की पावसाळ्यात दार घासू लागले म्हणून लगेच रंधा हाती घेऊ नये. लाकूड ओल पिऊन फुगलेले असते. तेव्हा तासले तर फाल्गुनात फटीतून धूळ येते. कोरड्या दिवसांत लाकूड घासून बेलतेलाचे दोन हात द्यावेत, विशेषतः वरच्या आणि खालच्या कडांना, कारण ओल शिरते ती तेथूनच. बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात; उघड्यावर पसरून वाळवावीत.

स्वतःच्या हाताने करावे असे इतके सांगितल्यावर, करू नये तेही सांगितले पाहिजे. विजेच्या तारा, कठड्याबाहेर वाकून करावयाचे काम, भार पेलणारी भिंत फोडणे आणि मैल्याच्या टाकीत उतरणे, ह्या चार गोष्टींना हौस लावू नये. त्यातली शेवटची तर पैसे देऊनही कोणा माणसाकडून करून घेऊ नये. २०१३ च्या कायद्याने तिला बंदी आहे, आणि त्यासाठी यंत्रे आहेत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नोकरी सांभाळावी, मुलांचे शिक्षण पाहावे, की ताग पेरावा? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांची एक गोष्ट मला जाणवते. घर बांधणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. त्याने आयुष्यभराची पुंजी त्यात घातलेली असते, आणि त्याची अपेक्षा असते की मुलांनी हे घर आपले मानावे. मुले तर लवकरच पुणे सोडून बंगलोरला, बंगलोर सोडून परदेशी जातात. त्यांना त्या भिंतींची ओढ का वाटावी? भिंती गवंड्याने बांधल्या, रंग कंत्राटदाराने दिला, फरशी कोणी अनोळखी माणसांनी बसविली. पण ज्या मुलाने दहाव्या वर्षी विटांचे रोडे निवडले, जिच्या हाताने पारिजातकाच्या खड्ड्यात माती पडली, त्यांचा त्या जागेशी काही संबंध जुळलेला असतो. ते परत येतीलच असे नव्हे. मात्र दूर गेल्यावरही पहिल्या पावसात त्यांना आठवेल, की आपल्या आवारातले पाणी ह्या कोपऱ्याकडून त्या कोपऱ्याकडे जाते.

सात-बाराच्या उताऱ्यावर आणि खरेदीखतावर नाव चढले म्हणजे जागा आपल्या मालकीची होते. ती आपली होण्यास मात्र दोन पावसाळे, एक कुदळ आणि घरातल्या सर्वांचे हात लागतात. ज्यांची वास्तुशांत नुकतीच झाली आहे त्यांनी एवढेच करावे: अंगण बंद करण्याचा करार ह्या वर्षी कोणाशी करू नये. मृग लागेपर्यंत थांबावे, आणि पहिल्या पावसात छत्री घेऊन एकदा घराभोवती फिरून यावे.